घाटात अडकलेले दोन नवरदेव

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. पण जीप भरल्याशिवाय मोखाड्याच्या स्टँडवरून हलणार नाही, आणि अजून चार सीट कमी आहेत, तेव्हा ऐका.

गेल्या लगीनसराईत जव्हारच्या अलीकडच्या घाटात गाड्यांची अशी कोंडी झाली, की वरून उडणारा कावळासुद्धा पुढे जागा नाही म्हणून हवेतच थांबून राहिला. त्या कोंडीत पोशेऱ्याची जयवंती सापडली होती. मांडीवर ओल्या फडक्याखाली दोन टोपल्या मोगऱ्याच्या कळ्या.

मोगऱ्याचं कसं असतं, तो विकायचा झोपलेला. उजाडायच्या आत कळी खुडायची आणि जव्हारहून दादरला जाणाऱ्या टेम्पोत घालायची. उन्हात टपोरा फुलला, की व्यापारी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. जयवंतीची ही पहिलीच लागवड. दोनदा टेम्पो चुकला होता. आज चुकला तर मोगऱ्याचा नाद सोडायचा आणि दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर, वामनबरोबर, पुन्हा वीटभट्टीची वाट धरायची, असं घरात ठरलं होतं. म्हणून ती जीपमध्ये बसल्या बसल्या पायाने ब्रेक दाबत होती. नव्हे, ब्रेक सोडत होती.

कोंडीचं कारण काय? सांगायला गेलं तर काहीच नाही. अर्ध्या रस्त्यावर ठेकेदाराने खडीचा ढीग घातलेला. उरलेल्या अर्ध्यात वळणावर दोन जिपा नाकाला नाक लावून उभ्या. इकडच्या जीपमध्ये पोशेऱ्याचा नवरा, दाभोशाला निघालेला. तिकडच्या जीपमध्ये दाभोशाचा नवरा, मोखाड्याकडे निघालेला. एकाने चार हात मागे घेतलं असतं तर संपलं होतं. पण हळद लागलेला नवरा एकदा उंबऱ्याबाहेर पडला की मागे सरत नाही. आणि दोन्ही जिपांत पुढच्या सीटवर दोन धवलेऱ्या. लग्नाची गाणी म्हणून लग्न लावणाऱ्या या म्हाताऱ्यांपुढे ड्रायव्हरचं काय चालतंय?

"गाडी मागे घ्या," पोशेऱ्याची धोंडी म्हणाली.

"तुमची घ्या. आमचा नवरा हळदीचा हाय," दाभोशाची सुकरी म्हणाली.

"मग आमचा काय मिरचीचा हाय?"

झालं. मागून येणारा प्रत्येक जण म्हणाला, मी जरा बाजूने नाक घालून बघतो. अशी नाकं घालता घालता दोन रांगांच्या चार झाल्या, दोन्ही बाजूंनी, आणि मग ज्याला परत फिरायचं त्यालाही जागा उरली नाही. बाजाराला निघालेली एक कोंबडी तिथेच अंड्यांवर बसली आणि पिल्लं घेऊन उठली. शाळेत मुलांनीच गुरुजींची गैरहजेरी मांडली. ठाण्याहून कामावरून परतणारा एक जण टपावरून ओरडला, "अरे भाई, एवढंच बघायला आम्ही ठाण्याला कशाला जायचं? इथंच मिळतंय की!" लोक हसले, पण हॉर्न काही थांबले नाहीत.

जयवंतीने फडकं उचललं. कडेच्या एका कळीने डोळा किलकिला केला होता. ती टोपल्या सीटवर ठेवून उतरली आणि खडीच्या ढिगावरून थेट दोन म्हाताऱ्यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"आते, नवऱ्याने मागे जायचं नाय, बरोबर?"

"बरोबर," दोघीही म्हणाल्या. सकाळपासून पहिल्यांदाच एकमत.

"पण गाडीने मागे जायला बंदी हाय का?"

धोंडीने तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "म्हंजे?"

"आपला नवरा त्यांच्या गाडीत बसवा. त्यांचा आपल्या गाडीत. मग दोन्ही गाड्या मागे घ्या. गाडी मागे गेली, की नवरा पुढे गेला."

"आणि तोंड? तोंड तर उलटं होईल!"

"मागच्या फळीवर बसवा. तोंड बी पुढेच राहील."

सुकरीने जयवंतीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कुणाची गो तू? आधी कुठं होतीस?"

"मागे. तुमच्यामुळंच."

नवऱ्यांचे पाय जमिनीला लागू द्यायचे नव्हते, म्हणून त्यांना खांद्यावर घेतलं. मधोमध दोघांची गाठ पडली, तेव्हा त्यांनी खांद्यावरूनच एकमेकांना तंबाखू दिला. मागच्यांनी हे पाहिलं आणि सगळी कोंडीच अदलाबदलीला लागली. गुरुजी, गॅसची सिलिंडरं, ती लेकुरवाळी कोंबडी, इकडचे तिकडे आणि तिकडचे इकडे. मोगऱ्याच्या टोपल्या डोक्यांवरून, हातातून हातात, जव्हारच्या अंगाच्या पार शेवटच्या जीपपर्यंत गेल्या. ज्या हातांनी तासभर हॉर्न दाबले होते, त्याच हातांनी फडकं सावरून धरलं. जयवंती मागोमाग धावत होती.

शेवटची जीप होती मंगेशची. त्याने रिव्हर्स टाकला आणि गाडी अशी सोडली, अशी सोडली, की वळणं आपसूक सरळ झाली. उलटी धावल्यामुळे किलोमीटरचे आकडे मागे गेले, जुनी जीप नवी झाली, टाकीत डिझेल परत येऊन भरलं. आणि ती डोळा उघडलेली कळी? सगळंच उलटं चाललंय म्हटल्यावर तिनेही डोळा मिटला! टेम्पोवाला दोर आवळत होता, तेवढ्यात टोपल्या आत गेल्या.

यंदा वामन भट्टीवर गेला नाही. बांधावर मोगऱ्याला पाणी घालत असतो, आणि पाड्यातल्या बाया त्याच्याकडून रोपं मागून नेतात. हे जाऊन डोळ्यांनी बघा. आणि ही सगळी करणी कुणाची? मंगेशच्या त्या रिव्हर्सची!

"खोटं!" बाकावरून जयवंतीची धाकटी जाऊ हिरी ताडकन उठली. "आजा, त्या दिवशी जव्हारहून येताना मी मंगेशच्याच गाडीत होते. त्याच्या जीपला रिव्हर्स हाय कुठे? तो गिअर मोडून दोन पावसाळे झाले! रस्ता रुंद होतो त्या मोरीच्या पुलापर्यंत आम्ही ढकलत नेली ती, गुरुजी, दोन्हीकडची वऱ्हाडं, अन् जयवंती सगळ्यांत पुढं. तिथं वळवली, मग गेली टेम्पोला. रिव्हर्स म्हणं! आमच्या धक्क्याने पोचला तो मोगरा!"