नेरैदाच्या गाडीचा क्लच

"पाय किती दिवस सुजलेला होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

हेनारो हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभा होता. हाताला गॅरेजचं ग्रीस तसंच होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातून फोन आला तेव्हा तो एका गाडीखाली होता. तो पोचेपर्यंत त्याची बायको नेरैदा गेली होती. भाताचं पातेलं उतरवताना तिला धाप लागली आणि ती तिथेच खाली बसली, एवढंच बरोबरच्या बायकांना सांगता येत होतं.

"अडीच आठवडे," तो म्हणाला. "डावा पाय. पण ते क्लचमुळे होतं."

"कशामुळे?"

"गाडीचा क्लच. फार जड आहे. मीच बसवला."

बाईंचं पेन थांबलं. पोटरीत रक्ताची गाठ झाली होती, ती सुटून फुप्फुसात गेली, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. क्लचमुळे अशी गाठ होत नाही, असंही म्हणाल्या. या वाक्याने त्याचं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही.

गाडी चौऱ्याऐंशी सालची, पांढरी, जपानी. त्यांच्या कायेय गावात अशा गाड्या पुष्कळ, आणि त्यांच्या इंजिनांशी खेळणारेही पुष्कळ. हेनारोने इंजिनाला टर्बो जोडला होता. आठवडाभर नेरैदा ती शाळेत न्यायची आणि रविवारी तो ती शर्यतीच्या पट्ट्यावर काढायचा. टर्बो बसल्यावर जुना क्लच घसरायला लागला. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही.

सुटे भाग विकणाऱ्या चागोने तीन क्लच काउंटरवर मांडले. एक कंपनीचा साधा. दुसरा मधला, प्लेट नेहमीच्याच मऊ अस्तराची, फक्त स्प्रिंग थोडी कडक. तिसरा शर्यतीचा, धातूच्या तुकड्यांचा.

"उस्ताद, तुमच्या इंजिनाला मधला भरपूर झाला," चागो म्हणाला. "तिसऱ्याला अर्ध्या क्लचवर सरकणं माहीत नाही. एक तर सुटलेला, नाही तर धरलेला. आणि पेडल म्हणजे दगड."

"मधला द्या," नेरैदा म्हणाली. "मी गाडी शाळेत नेते रे बाबा. मला तिथे कोण हरवणार आहे? मुख्याध्यापक?"

चागो खो खो हसला. हेनारोही हसला आणि त्याने तिसरा उचलला. पुढच्या वर्षी टर्बो मोठा घालायचा त्याच्या मनात होतं. परत परत गिअरबॉक्स कोण उतरवणार?

पहिल्या आठवड्यात सिग्नलला गाडी हिसके खायची आणि मागचे हॉर्न वाजवायचे. नेरैदा घरी येऊन बूट काढत म्हणायची, "म्हाताऱ्या, तुझ्या क्लचने माझी एक पोटरी सायकलवाल्याची केली. दुसरीचं काय करू?" शेजारणींना ती हेच हसत सांगायची. पोटरी खरंच जाड दिसायला लागली, तेव्हाही दोघांना नवल वाटलं नाही. दुखत होता तो डावाच पाय, आणि क्लच डाव्याच पायाने दाबायचा. यात कोडं कसलं? रोज संध्याकाळी तो तिचा पाय मांडीवर घेऊन अल्कोलादो, दुखऱ्या अंगाला लावायचं कापराचं स्पिरिट, चोळायचा. जोर लावून चोळायचा.

मग एका सोमवारी ती म्हणाली, "उद्या दवाखान्यात दाखवून येऊ का? रजा टाकते."

"डॉक्टर काय करणार? गाडी चालवू नका म्हणणार," तो म्हणाला. "चागोकडचा मधला क्लच विकला गेला, नवा मागवलाय. शुक्रवारी येतोय. शनिवारी बसवतो, पाय आपोआप बरा होईल."

"शनिवारी नक्की?"

"नक्की."

तिने रजा टाकली नाही. गुरुवारी ती गेली.

मुलगी यारित्सा ओर्लँडोहून आली. नेरैदासाठी नऊ दिवस संध्याकाळी घरात जपमाळेची प्रार्थना झाली. बायका बाहेरून खुर्च्या आणत, माळ संपली की कॉफी आणि चीज-बिस्किटं फिरत. पाचव्या दिवशी यारित्सा कप गोळा करता करता एकदम थांबली.

"आईने एवढा त्रास होतोय हे कुणाला सांगितलंच नाही," ती म्हणाली. "मला फोनवर नेहमीचंच, मी मजेत आहे. बाबा, तुम्हाला तरी बोलली होती?"

हेनारोने तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारची दोन्या फेला म्हणाली, "अगं, ती कसली बोलतेय! मरेपर्यंत दुसऱ्यांच्या ताटात वाढत राहिली."

बायकांनी माना डोलावल्या. यारित्सा रडायला लागली. "मला तिचा राग येतो," ती म्हणाली. "आईचा राग येतो मला, बाबा." हेनारोने तिच्या हातातले कप घेतले आणि आत नेऊन धुतले.

दीड महिन्याने त्याने गॅरेज उघडलं. पहिल्याच आठवड्यात चागोने एक गिऱ्हाईक पाठवलं. गाडी तशीच, इंजिनही तसंच वाढवलेलं.

"सगळ्यात कडक घाला," गिऱ्हाईक म्हणालं.

"चालवतं कोण?"

"रविवारी मी. एरवी बायको."

"मग तिला घेऊन या."

"तिला काय कळतं क्लचमधलं?"

"पाय तिचा आहे ना? घेऊन या, नाही तर दुसरं गॅरेज बघा."

बाई आल्या. हेनारोने त्यांना ओळखीच्या दोन गाड्यांत, आधी मधल्या क्लचच्या आणि मग शर्यतीच्या क्लचच्या, आळीपाळीने बसवलं आणि पेडल दहा-दहा वेळा दाबायला लावलं. दुसऱ्या गाडीत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हा क्लच आहे की जिममधलं मशीन? तूच बस इथे." नवरा ओशाळला. मधला क्लच ठरला. जाताना हेनारोने बाईंना विचारलं, "पाय दुखतो का कधी?"

"नाही हो. का?"

"दुखला तर डॉक्टरकडे जा. माझ्याकडे येऊ नका."

यारित्सा दर रविवारी फोन करते. हवापाणी होतं, जेवलात का होतं, मग ती हळूच तिथेच येते. आईने निदान तुम्हाला तरी सांगायला हवं होतं, म्हणते. पलीकडे तिचा श्वास ऐकू येतो. ती उत्तराची वाट बघत असते.

"हं," हेनारो म्हणतो.

नेरैदाने सांगितलं होतं आणि त्यानेच तिला थांबवलं, हे त्याने मुलीला अजून सांगितलेलं नाही.