निळ्या आकाशाचा फळा

ते १९६१ साल. त्या वसंतात आमच्या थॉर्नलोची सूतगिरणी बंद पडली आणि जुलैपर्यंत निम्मी घरं रिकामी झाली. कुणी शेफिल्डला गेलं, कुणी डर्बीला. मीही गिरणीतलीच, बाबांसाठी मागे राहिले.

जुलैत आमच्या गावात झरा सजवतात. फार पूर्वी एका कोरड्या साली आजूबाजूचं सगळं पाणी आटलं, हा झरा तेवढा वाहत राहिला, त्याचे उपकार म्हणून. लाकडी फळ्यावर ओली माती थापायची आणि तिच्यात एकेक पाकळी दाबून चित्र भरायचं. चित्र आखायचे माझे बाबा, एनॉक बार्लो. त्या वर्षी ते म्हणाले, "हिल्डा, माणसंच उरली नाहीत. यंदा राहू दे. आणि एकदा राहिलं की राहिलंच."

रिकाम्या घरांत मँचेस्टरची माणसं येऊ लागली होती. शेजारच्या मिसेस लोमॅक्सनी तर बटाट्याचे वाफे मोडून सगळीकडे मँचेस्टरहून आणलेली फुलझाडं लावली. केझाया आत्या म्हणायची, "रविवारी मटणाबरोबर गुलाब उकडतात का गं यांच्यात?"

एके दिवशी त्याच बाई दारात उभ्या.

"मिस्टर बार्लो, झरा सजवायला मदत करू का? येत काहीच नाही मला, पण हात रिकामे आहेत."

"हाताला चिखल लागतो."

"मग धुवीन की."

त्या आपल्या दोन मैत्रिणींनाही घेऊन आल्या. बाबांनी फळा आखला. गावातल्या उरल्यासुरल्या परसांतली सगळी फुलं आम्ही गोळा केली; मिसेस लोमॅक्सची बाग तेवढी मागायला बाबा तयार नव्हते. सजवलेल्या झऱ्याला पाद्री आशीर्वाद देतात, त्याच्या आदल्या दुपारी बाबा आणि मी शेवाळ आणायला रानात गेलो. परतलो तर बायकांनी वरून सुरुवात करून आकाश पुरं केलेलं.

"अहो बाई, कौलं कधी वरून खाली लावतात का?" बाबा ओरडले. "खालून वर यायचं! वरची पाकळी खालचीवर चढली पाहिजे. आता पाऊस आला की पाणी आत शिरणार. सकाळी पाद्री काय चिखलाला आशीर्वाद देणार?"

मातीत दाबलेली पाकळी पुन्हा वापरता येत नाही आणि गोळा केलेली फुलं संपली होती. बाबांनी हात पुसले. "संपलं."

मिसेस लोमॅक्स तडक निघून गेल्या.

"गेली फणकाऱ्यानं," आत्या म्हणाली.

थोड्या वेळानं त्या हातगाडी ढकलत आल्या. गाडीत हायड्रेंजियाच्या निळ्या फुलांचा ढीग. सगळी बाग बोडकी करून आणली होती.

"एवढ्यात आकाश होईल ना?"

बाबांनी गाडीतला एक गुच्छ उचलला. मग म्हणाले, "खालून वर. आणि अंगठ्यानं दाबायचं." आत्यानं न सांगताच बाह्या वर सारल्या.

सकाळी आशीर्वादाच्या वेळी पाऊस आलाच. पाणी पाकळ्यांवरून ओघळून गेलं, आकाश जागचं हललं नाही. बाबांनी टोपी काढली. मला वाटलं, झऱ्यासाठी. पण त्यांचं तोंड मिसेस लोमॅक्सकडे होतं.

बाबांनी डोळे अधू होईपर्यंत फळा आखला. मग मिसेस लोमॅक्स, आता आमच्या विनिफ्रेड, आखू लागल्या. त्या दर रविवारी आत्याला गुलाब द्यायच्या. "उकडू की तळू?" असं विचारत आत्या ते फुलदाणीत ठेवायची, अगदी तिच्या शेवटच्या रविवारपर्यंत. मैत्रिणींपैकी एक परत गेली, दुसरीची नातवंडं आता फळ्यासाठी माती तुडवतात. गिरणीत फ्लॅट झालेत. मी टपालघरात लागले, इथेच लग्न केलं, इथेच म्हातारी झाले. विनिफ्रेड गेल्या त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या हायड्रेंजियाची फांदी मी माझ्या परसात लावली होती. आमचं आकाश अजून तिच्यातूनच येतं.