निवृत्तीची काठी

अमेरिकेच्या पाहुणीने दाराआडच्या काठीकडे बोट दाखवून काहीतरी विचारले आणि शालिग्राम मास्तर एकदम गप्प झाले.

इतका वेळ त्यांचे तोंड गिरणीसारखे चालू होते. पाहुणी बोलली की तिचे मराठी करायचे, जनकाबाई बोलली की तिचे इंग्रजी. मास्तर मलकापूरचे. पाहुणीला रेल्वेतून उतरवून, मिशनच्या जीपमध्ये बसवून, घाट चढवून बुलढाण्याला आणायचे काम त्यांच्याकडे आले होते, आणि कालपासून ते या कामावर भलते खूश होते. आता मात्र चष्मा काढून पुसत बसले.

"काय म्हनते बाई?" जनकाबाईने विचारले. तिने चहा ठेवला होता, पाहुणीसाठी शेजारून कान न तुटलेला कप आणला होता.

"काही नाही मावशी. काठी कोणाची म्हणतात."

"माह्या मालकाची. सांगा त्याईले."

मास्तरांनी सांगितले. पाहुणीचे डोळे भरून आले. साठीची, गोरीपान, हातांवर तांबूस ठिपके असलेली बाई. तिने जनकाबाईचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ बोलली.

"आता काय झालं?"

"मावशी," मास्तर खाली बघत म्हणाले, "त्या विचारतात, याच काठीनं ते तुम्हाला मारायचे का."

जनकाबाई हसलीच. तिला वाटले, मास्तरांचेच इंग्रजी कुठेतरी घसरले. "कोन मारे? निवृत्ती? अहो, त्या मानसानं कधी बैलाले काठी नाई लावली. लंगडा होता तो. चालाले लागे काठी. सांगा बरोबर."

पण मास्तरांनी सांगण्याआधीच पाहुणीने पर्समधून घडी घातलेला, पिवळा पडलेला एक छापील इंग्रजी कागद काढला. त्यावर जनकाबाईचा फोटो होता. पंधरा वर्षांपूर्वीची जनकाबाई, पांढऱ्या लुगड्यात, मिशनच्या दवाखान्याच्या पायरीवर उभी. फोटो काढल्याचे तिला आठवत होते. त्याखाली काय छापले ते तिला कोणी सांगितले नव्हते, आणि तिनेही कधी विचारले नव्हते. दवाखाना चालवणाऱ्या मिसबाई लिहितात म्हणजे चांगलेच लिहीत असतील.

मास्तर एकेक ओळ वाचत गेले आणि त्यांचा आवाज उतरत गेला. ही जनका. हिचा नवरा हिला रोज मारत असे. एके दिवशी भांडणात त्याने हिला विहिरीत ढकलून दिले. मिशनच्या माणसांनी हिला वर काढले, दवाखान्यात जगवले. आता तो नवरा मेला आहे आणि ही खेड्यापाड्यांत देवाचे नाव सांगत फिरते.

"या बाई दर मंगळवारी तुमच्यासाठी प्रार्थना करतात, मावशी. पंधरा वर्षं झाली. तुमच्या मालकाच्या पापाची क्षमा व्हावी म्हणूनही करतात."

चुलीवरचा चहा उतू गेला. जनकाबाई उठली नाही.

"खाली नाव कोनाचं हाय?"

"मिसबाईंचं," मास्तर म्हणाले.

आता खरे काय झाले होते ते सांगायला हवे. निवृत्तीची बाजू सांगणारे तसेही फारसे कोणी उरलेले नाही.

कोलखेडला निवृत्तीचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. वैशाखात विहिरीचे पाणी खाली गेले होते. जनका काठावरच्या दगडावर वाकून बादली ओढत होती, दगड हलला, बादलीसकट ती आत. मिरच्या तोडणारा निवृत्ती धावला आणि मागचापुढचा विचार न करता त्याने उडी टाकली. पडता पडता डावा पाय कपारीवर आपटला आणि मोडला. आणि पाण्यात गेल्यावर त्या शहाण्याला आठवले की आपल्याला पोहता येत नाही. दोघे कपारीतल्या पिंपळाच्या मुळीला लोंबकळत राहिले. शेजारच्या मळ्यातल्या अन्नपूर्णाबाईने ओरडून माणसे जमवली, मोटेचा दोर खाली सोडला, तेव्हा दोघे वर आले.

गाडीत घालून त्याला बुलढाण्याला मिशनच्या दवाखान्यात नेले. मिस हार्लो, म्हणजेच मिसबाई, तेव्हा नव्यानेच आलेल्या होत्या, मराठी चार शब्दांपुरती. त्यांनी स्वतःच्या हाताने त्याचा पाय बसवला, तो वाकडा बसला. मिसबाईंना त्याचे फार वाईट वाटे. निवृत्ती मात्र ज्याला त्याला पाय दाखवून सांगे, "याच्यावर मिसबाईची सही हाय." दोन महिने तो तिथे पडून होता, जनका आवारात तीन दगडांवर भाकरी थापत होती. तिथेच ती गाणी ऐकायला लागली, प्रार्थनेला बसायला लागली. मिसबाईंनी तिला अक्षरे शिकवली, तिने मिसबाईंना वऱ्हाडी शिकवली. चार वर्षांनी तिने बाप्तिस्मा घेतला.

निवृत्तीने घेतला नाही. भाऊबंदांनी त्याला वाळीत टाकल्यासारखे केले, लग्नकार्यात बोलावणे बंद केले, तरी त्याने जनकाला एका शब्दाने अडवले नाही. दर रविवारी तो तिच्याबरोबर लंगडत मिशनच्या देवळापर्यंत येई. आत ये म्हटले की म्हणे, "तू जाय. मी इथंच बसतो." बाहेरच्या कडुलिंबाखाली काठी आडवी टाकून, शेंगा फोडत तो उपासना संपेपर्यंत बसून राही. असे पुष्कळ रविवार झाले. मग तापाने गेला. मूलबाळ नव्हते.

तेव्हापासून जनकाबाई मिशनच्या आवारातच एका खोलीत राहत होती. सकाळी पिशवी भरायची: डोळ्यांत घालायचे थेंब, खरजेचे मलम, जांभळे औषध, आणि मुलांना दाखवायची रंगीत चित्रे. एक दिवसाआड दोन-तीन खेडी पायी. कुठे कुत्री अंगावर सोडत, कुठे दारातूनच वाटेला लावत. बाया थट्टा करत, "येशूबाई, मलम आधी द्या, देव मंग सांगा." तीही म्हणे, "मलम लावता लावता सांगतो, तुमचा येळ वाचन." एवढ्या वर्षांत तिच्या सांगण्याने बाप्तिस्मा घेतलेली माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातले एक परत गेलेले. तिला त्याचे दुःख नव्हते. अडलेली बाळंतीण सुटली, ताप उतरलेले लेकरू भाकर मागायला लागले, की ती रस्ताभर गाणे म्हणत घरी येई. देवाने आपल्याला हे काम दिले आणि मिसबाईंनी आपल्याला वाढवले, या दोन गोष्टींवर तिचा संसार उभा होता.

आणि आज हा कागद.

पाहुणीला बंगल्यावर पोचवून मास्तर गेले, तशी जनकाबाई दवाखान्यात आली. मिसबाई सुया उकळत होत्या. केस पिकले होते, पाठीला बाक आला होता. पाहुणीकडून मागून घेतलेला तो कागद जनकाबाईने त्यांच्यासमोर धरला.

"बाई, हे तुमी लेहलं?"

मिसबाईंनी चिमटा खाली ठेवला. खोटे बोलायचा प्रयत्न केला नाही, तेवढे त्यांच्या बाजूने म्हणायला हवे.

"हाव. मीच लेहलं."

"तुमी त त्याचा पाय बांधला होता."

"त्या वर्सी दवाखाना बंद पडून राह्यला होता, जनका. मी आधी खरंच लेहलं होतं. विहिरीचं, उडीचं, सारं. कोनाचंच उत्तर नाई आलं. मंग असं लेहलं त पत्रांवर पत्रं आली." त्या स्टुलावर बसल्या. "चांगल्या नवऱ्याची गोष्ट वाचून कोनी दवाखाना नाई चालवत."

"मंग दुसऱ्या कोनाचा नवरा घ्यायचा होता. मारनारे काय कमी हायेत गावात? माह्याच काऊन?"

मिसबाईंनी सुयांखालची वात बारीक केली.

"तुहा फोटो होता माह्यापाशी," त्या म्हणाल्या.

जनकाबाईने कागदाची घडी घातली. काही मोठे कारण असते, तर तिने ते कुठेतरी ठेवले असते. ज्या बाईच्या तोंडून तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकले की खोटी साक्ष देऊ नये, त्याच बाईने हातात फोटो आहे म्हणून तिचा नवरा विकला होता.

"उद्या देवळात पाहुणी तुही साक्ष ऐकनार हाय," मिसबाई हळूच म्हणाल्या. "बाळंतपणाची खोली बांधायची का नाई, ते तिच्या हाती हाय. तुले ठाऊक हाय किती बाया वाटंतच मरतात. देवानं काय केलं ते सांग. निवृत्तीचं नको सांगू."

बाया वाटेत मरतात हे जनकाबाईला मिसबाईंपेक्षा जास्त ठाऊक होते. दोघी तर तिच्या मांडीवर गेल्या होत्या. म्हणूनच तिला राग आला आणि त्या रागाला कुठे ठेवावे ते कळेना.

"मी जे झालं ते सांगीन," ती म्हणाली. "इंग्रजी तुमचं तुमी करा. काय सांगाचं, काय नाई, ते तुमच्यावर."

यापेक्षा जास्त सवलत तिला देता येत नव्हती.

रविवारी देऊळ भरले. पाहुणी पुढच्या बाकावर, मास्तर तिच्या मागे. साक्षीचे इंग्रजी मास्तरांनी करायचे ठरले होते, पण मिसबाई म्हणाल्या, "मीच करते." दाराजवळ, चपला काढायच्या जागी, अन्नपूर्णाबाई टेकली होती. जनकाबाईने तिला मुद्दाम निरोप धाडला होता. भाजीची पाटी बाहेर ठेवून, जन्मात पहिल्यांदा देवळात शिरलेली ती म्हातारी सगळीकडे बघत होती.

जनकाबाई काठी घेऊनच पुढे गेली.

"माहं नाव जनका निवृत्ती," तिने सुरुवात केली. "मी कोलखेडची. आमचा मळा होता. माह्या पायाखालचा दगड हालला आन् मी इहिरीत पडली. माह्या मालकानं मांगंपुढं नाई पाह्यलं. उडी टाकली. त्याचा पाय मोडला तो तिथंच."

ती थांबली. मिसबाईंनी इंग्रजी केले. पाहुणीने मान हलवली. मिसबाईंचा आवाज नेहमीसारखाच होता आणि जनकाबाईच्या मनात उगाच आशा आली. वाटले, करतील. एवढ्या वर्षांची सोबत आहे, आज तरी खरे करतील.

"आन् पान्यात गेल्यावर मले म्हनते कसा," ती पुढे म्हणाली, "जनके, मले त पोहताच येत नाई."

सगळे देऊळ हसले. लेकरे हसली, म्हातारे हसले, दाराजवळून अन्नपूर्णाबाईचा आवाज आला, "हाव, मी ऐकलं वरून." इतक्या वर्षांनी निवृत्तीने चारचौघांना हसवले म्हणून जनकाबाईचा चेहरा फुलला. मग मिसबाई इंग्रजीत बोलल्या.

पाहुणीने रुमाल डोळ्यांना लावला. तिचे खांदे हलायला लागले.

जनकाबाईने मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी मान खाली घातली होती, ती वर केली नाही. मग तिने मिसबाईंकडे पाहिले. मिसबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

हसण्याच्या जागी रडणारे माणूस तिने पाहिले होते, आणखी काही समजून घ्यायचे उरले नव्हते. पण एवढ्यावर बसून घेणे तिच्याने होईना. निवृत्ती कसा होता हे एका तरी गोष्टीने त्या बाईपर्यंत पोचायला पाहिजे, असे तिला वाटले. तिने काठी डाव्या हातात घेतली, डावा पाय बाहेर फेकला, उजव्यावर भार दिला, आणि दोन बाकांमधल्या वाटेने चालायला लागली. तसाच एक खांदा खाली, तशीच मान वर, वाटेत भेटेल त्याला हसून बघत.

"असा चाले माहा निवृत्ती," ती म्हणाली.

"अस्साच, माय," अन्नपूर्णाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

पाहुणी बाकावरून उठली. डोळे पुसत लगबगीने आली, जनकाबाईच्या काखेत हात घातला, आणि लंगड्या माणसाला सांभाळावे तसे तिला सांभाळून धरले.

जनकाबाई थांबली. तांबूस ठिपक्यांचा तो हात तिला घट्ट धरून होता. झटकून टाकावा असे तिला वाटले, पण त्या हाताचा काय दोष? पंधरा वर्षांचे मंगळवार त्याने खरेच जोडले होते. तिने तो काढला नाही. पाहुणी धरेल तशी, निवृत्तीच्या चालीने, ती दारापर्यंत गेली. दारात तिने हात सोडवून घेतला, पाठ ताठ केली आणि दोन्ही पायांवर सरळ चालत बाहेर गेली.

पाहुणी मंगळवारी गेली. त्याच आठवड्यात जनकाबाईने नेहमीसारखी पिशवी भरली, नेहमीसारखी खेडी केली. मिसबाईंकडून थेंब घेतले, मलम घेतले. बोलणे कामापुरते. पावसाळ्याआधी बाळंतपणाच्या खोलीचा पाया खणला गेला, आणि माती उचलायला तीही होती.

पण पाहुणी गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी घंटा झाली, गाणे सुरू व्हायची वेळ आली, तरी पुढच्या बाकावरची तिची जागा रिकामी. मिसबाई दारात आल्या. बाहेर कडुलिंबाखाली जनकाबाई बसली होती. शेजारी काठी आडवी टाकलेली, ओटीत शेंगा.

"जनका, आत ये. तुह्यावाचून गानं कोन उचलन?"

"तुमी जा, बाई," जनकाबाई म्हणाली आणि एक शेंग फोडली. "मी इथंच बसतो."