पेंढ्याच्या ट्रकची घंटी

खालापूरच्या फाट्यावर माझं दुकान. गाड्यांचं विजेचं काम करतो, आणि लोक म्हणतात तसा तिरसट आहे. गाडी बिघडली की जो तो आधी बिघाड सांगतो आणि मग गाडी दाखवतो, याचा मला राग येतो. मी क्रमानं जातो. आधी बॅटरी, मग फ्यूज, मग बटण, मग तार. माणसावर शंका सगळ्यात शेवटी.

कडावच्या पोपटचा ट्रक आला तेव्हा लोकांनी सुरुवातच माणसापासून केली होती. भाताची झोडणी उरकून पेंढ्याची पहिली खेप निघाली होती. ट्रक पोपटचा, तोच चालवायचा. क्लीनर म्हणून त्याच्या बहिणीचा, गोदाचा, नवरा नामा. पेंढा भरला की आरशात मागचं काही दिसत नाही, म्हणून नामा मागं उभा राहून घंटीचं बटण दाबायचा. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे येऊ दे मागं. गोठ्याच्या भिंतीशी ट्रक मागं घेताना नामा मधे सापडला आणि जागीच गेला.

"दोन वाजल्या वो," पोपट पुन्हा पुन्हा सांगत होता. "माज्या कानानं ऐकल्या."

गाव म्हणालं, घेतली असेल. गोदा म्हणाली, "घंटी बिघडली आसंल तर माजं नशीब. नसंल तर दादा, तुजं त्वांड बगनार नाय मी." आईबाप लहानपणीच गेलेले, पोपटनंच तिला वाढवलं, तिचं लग्न लावलं. या भावाला दुसरं कोणी नव्हतं. तो बहिणीला मुकणार की नाही, ते आता माझ्यावर आलं होतं.

बॅटरी ठीक होती. फ्यूज शाबूत, बटण स्वच्छ. बल्बला दोन तारा जोडून मी मागपासून केबिनपर्यंत सगळी तार तपासली. बटण एकदा दाबलं की घंटी एकदाच वाजे. दुसरा कोणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता. पण रिकाम्या गाडीचं दुखणं वेगळं आणि भरलेल्या गाडीचं वेगळं. मी पोपटला ट्रकमध्ये पुन्हा पेंढा भरायला लावला. तो भरताना रडत होता, मी न बघितल्यासारखं केलं.

मग केबिनमध्ये बसून ब्रेक दाबला. बटणाजवळ कोणी नव्हतं, तरी घंटी टिणकली.

खाली शिरून पाहिलं. मागच्या फळीतून एक खिळा आरपार आला होता. वाटभर घासून त्यानं तारांची सालं काढली होती, आणि आता ओझ्यानं फळी वाकली की तो घंटीच्या आणि ब्रेकच्या दिव्याच्या, अशा दोन्ही तारांत रुतायचा. म्हणजे नामानं एकच घंटी दिली होती, थांब म्हणून. पोपटनं ती ऐकून लगेच ब्रेक दाबला, आणि त्या ब्रेकनं दुसरी वाजवली. दोन ऐकल्या म्हणून त्यानं पाय उचलला. त्यानं नामाचं ऐकलं आणि ऐकल्यामुळंच नामा मेला. मला खालून बाहेर यायला वेळ लागला.

"सुटलास रं," मी म्हणालो.

पोपटनं खिळ्याचं डोकं पाहिलं. त्याला वाळक्या झेंडूचा दोरा अडकला होता. त्यानं तो दोरा बोटानं सोडवला.

"जयानं मारला ह्यो. दसऱ्याला, तोरन बांधताना. मी कडेवर धरली व्हती तिला. दाजी म्हनलं, मार गं पोरी, तूच मार."

जया म्हणजे गोदाची सात वर्षांची पोर.

"नामानं मारला म्हनून सांग," मी चिडून म्हणालो. "तो काय उठून बोलनार हाय?"

"पोरीला ठावं हाय ना. खिळ्याचं नाव निघालं की लगीच सांगंल, मी मारला म्हनून. आज नाय कळनार तिला. मोठी झाली की कळंल." त्यानं माझ्यापुढं पक्कड धरली. "काडा त्यो."

मी काढला. तारांना चिकटपट्टी गुंडाळली.

दुपारी गोदा आली, जयाला घेऊन. पोपट उभा राहिला.

"घंटी चांगली हाय, गोदे. एकच वाजली व्हती. मीच चुकलो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. उभ्या जन्मात मी बिघाड लपवला नव्हता.

"घंटीत काय नाय," मी म्हणालो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन.

गोदानं तोंड फिरवलं. पण जया पळत गेली आणि तिनं मामाच्या गुडघ्यांना मिठी मारली. गोदानं तिची बोटं एकेक करून सोडवली. पोपटनं दोन्ही हात वर धरले होते, चुकूनसुद्धा तिच्या डोक्यावरून फिरू नयेत म्हणून.

"चल," गोदा म्हणाली. "आपल्याला मामा नाय."

"हाय की," जया म्हणाली. "ह्यो काय उभा."