सीटखालची तार

गव्हाच्या त्या मोठ्या शेतात सकाळपासून पाच हार्वेस्टर उतरले होते. त्यातला तिसरा वहिनी चालवत होती. तिचा नवरा या ताफ्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर, सगळे त्याला उस्ताद म्हणत, आणि म्हणून ती सगळ्यांची वहिनी. दोन हंगामांपूर्वी उस्तादचा उजवा हात कोपरापासून गेला. मशीनच्या तोंडात ओला पेंढा अडकला होता, तो उपसायला उस्ताद खाली उतरला, आणि पेंढा सुटल्याबरोबर आतल्या फिरत्या स्क्रूने हात ओढून घेतला. अर्धा हंगाम अजून बाकी होता. ताफ्याच्या मालकाने त्याच मशीनवर वहिनीला बसवलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याशेजारी बसून ती हे काम शिकली होती, तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. "मालकाचं मन मोठं," लोक म्हणाले. वहिनीनेही तेव्हा मान डोलावली होती. आता त्या मान डोलावण्याची आठवण झाली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

झालं ते असं. सकाळचे अकरा वाजले होते. काचेवर भुशाचा थर, समोर उभा गहू, आणि दोन दिवसांत पाऊस येणार म्हणून दर तासाला मालकाचा फोन. "हात चालवा, हात चालवा." चालवायला हात असलेल्यांनाच हा सांगू शकतो, असं एकदा तिच्या मनात आलं होतं, पण ती बोलली नव्हती.

पिकात पुढे काहीतरी चमकलं. कोणी लोखंडी खुंटी विसरलं असेल तर पात्यांचा चुराडा व्हायचा. तिने मशीनचा वेग कमी केला आणि नीट दिसावं म्हणून सीटवरून उठून काचेला नाक लावलं. खुंटी नव्हती, पत्र्याचा फाटका डबा होता. तिने मशीन जरा वळवून घेतलं. आणि मग तिच्या लक्षात आलं की ती अजून उभीच आहे, आणि पीक आत लोटणारा पुढचा पंखा गरागरा फिरतोय.

फिरायला नको होता. सीटखाली एक स्विच असतो. ड्रायव्हर उठला की चार-पाच सेकंदांत पाती, पंखा, स्क्रू, सगळं आपोआप थांबतं. इंजिन चालू राहतं, पण चावणारं काही फिरत नाही. पहिल्या दिवशी शिकवतात ते हे.

ती बसली. पुन्हा उठली. मनात दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. पंखा आपला मजेत फिरत होता.

दोन हंगाम ती या सीटवर बसली होती आणि तिला हे कळलं नव्हतं, कारण नवऱ्याचा हात गेल्यापासून इंजिन बंद करून किल्ली कमरेला खोचल्याशिवाय ती सीट सोडत नसे. इतर ड्रायव्हर हसायचे तिला. "वहिनी किल्ली घेऊन झोपतात," म्हणायचे.

तिने मशीन जागच्या जागी थांबवलं, किल्ली काढली आणि सीट उचलली. स्विचकडे जाणाऱ्या दोन वायरी कापून त्यांची टोकं एका लाल तारेने एकमेकींना जोडली होती. म्हणजे सीट रिकामी असली तरी मशीनला कोणी बसलंय असंच वाटावं. त्यावर काळी चिकटपट्टी. पट्टी गुंडाळताना शेवटचं टोक दुमडून ठेवलेलं, पुढच्या वेळी काढायला सोपं जावं म्हणून. अशी टोक दुमडायची सवय जगात एकाच माणसाला होती. ती माहेरी गेली की प्रत्येक वायरला, प्रत्येक पाइपला तसं टोक दुमडलेलं दिसायचं.

ताफ्याचा फिटर तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

तिला तपासणीचा दिवस आठवला. उस्ताद दवाखान्यात होता. शुद्धीवर आल्यापासून एकच बोलत होता, "मी सीटवरून उठलो होतो. थांबायला हवं होतं ते. थांबलं का नाही?" मग सरकारी तपासनीस शेतावर आला. मालक होता, फिटर होता, वहिनी होती. तपासनीस सीटवर बसला, मशीन चालू केलं, उठला. पाच सेकंदांत सगळं गपगार. पुन्हा बसला, पुन्हा उठला. पुन्हा गपगार. त्याने कागदावर लिहिलं: सुरक्षा व्यवस्था ठीक, चालकानेच सीटवर ओझं ठेवलेलं असावं, निष्काळजीपणा. वहिनीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दवाखान्यात जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं, "थांबतं हो ते. मी बघितलं." उस्ताद तिच्याकडे बघत राहिला आणि मग त्याने तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर दोन वर्षं, भांडण कशावरूनही सुरू होवो, ते फिरून तिथेच यायचं. "कापणीचं बटण बंद करून उतरला असतात तर?" हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नव्हती.

तिने भावाला फोन लावला. "सीट उचललीय मी. ये."

दहा मिनिटांत त्याची मोटारसायकल बांधावर आली. तो कापलेल्या गव्हाच्या खुंटांतून चालत आला, हातात पान्हा, जणू काही बिघाडच काढायचा होता. मशीनच्या शिडीपाशी येऊन थांबला. वर चढला नाही.

"ताई," तो म्हणाला.

"कोणी लावली?"

"ताई, ऐक तर. तो स्विच सैल झाला होता. शेतात जरा धक्का बसला की मशीन बंद. दिवसातून तीस वेळा. मालक म्हणाले, तेवढा हंगाम निघू दे, मग नवीन बसवू."

"कोणी लावली विचारलं मी."

"मी."

"आणि तपासणीच्या दिवशी?"

त्याने पान्हा या हातातून त्या हातात घेतला. "सकाळी काढली. मालकांचा फोन आला होता पहाटे."

"मी तुझ्या शेजारी उभी होते. तू माझ्या पाठीवर हात ठेवला होतास, आठवतंय? ताई, धीर धर म्हणालास."

तो रडायला लागला. त्याच्या रडण्याने तिला दया यावी तर उलट डोकं आणखी भणभणलं. लहानपणीही हा असाच, काचेचा पेला फोडायचा आणि आई यायच्या आत आपणच गळा काढायचा, म्हणजे मार दुसऱ्याला.

"डोळे पूस. आणि परत कधी लावलीस?"

"चार दिवसांनी. पुन्हा बंद पडायला लागलं म्हणून."

"चार दिवसांनी या सीटवर कोण बसलं होतं?"

भावाने पान्हा खिशात घातला.

एव्हाना बाकीची मशीनं थांबायला लागली होती. मधलं एक उभं राहिलं की मागच्याला वाट मिळत नाही. ड्रायव्हर खाली उतरून आले आणि पाठोपाठ मालकाची जीप आली. मालक हा जाडजूड, बोलायला गोड माणूस. ड्रायव्हरांच्या मुलांची नावं त्याला पाठ असत. पण आज पावसाची धास्ती होती.

"काय तमाशा लावलाय हा? वहिनी, आभाळ बघा जरा."

"आभाळ नंतर बघू. आधी सीटखाली बघा."

मालकाने बघितलं नाही. त्याला बघायची गरज नव्हती, आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या ते ध्यानात आलं. त्याने फिटरकडे असं पाहिलं की फिटर दोन पावलं मागे सरला.

"हे बघा," मालक आवाज खाली आणून म्हणाला, "स्विच नाजूक असतात. सगळेच करतात. हंगामात पार्ट मिळत नाहीत."

"दोन वर्षांत नाही मिळाला?"

"आणि बटण बंद करायचं काम कोणाचं? ड्रायव्हरचंच ना? उस्ताद विसरला. मी त्याला दोष देत नाही, पण विसरला की नाही?"

"विसरले," वहिनी म्हणाली. "भर उन्हात, सोळा तास काम झाल्यावर विसरले. माणूस विसरतो म्हणूनच तर तो स्विच ठेवलाय ना बनवणाऱ्याने? आणि एवढे तुम्ही धुतल्या तांदळासारखे, तर तपासनीस यायच्या आधी तार कशाला काढायला लावलीत?"

मालकाने घाम पुसला. मग तो म्हणाला, "मी तुम्हाला काम दिलं. त्या वेळी कोणी दिलं नसतं."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "काम दिलंत? ज्या सीटने त्यांचा हात खाल्ला तिच्यावर मला बसवलंत, तशीच, तार लावून! माझे हात शाबूत राहिले ते तुमच्या मोठ्या मनामुळे नाही. मी किल्ली कमरेला लावते म्हणून राहिले."

पाच नंबरचा ड्रायव्हर, ज्याला सगळे बुटका म्हणत आणि जो एरवी कशातच पडत नसे, सरळ आपल्या मशीनकडे गेला. बाकीचे त्याच्या मागे. एकेक सीट उचलली गेली. पाचांपैकी तीन मशीनांत लाल तार निघाली. बुटक्याच्याही निघाली. त्याने शिडीवर बसूनच मालकाला अशी शिवी हासडली की जीपच्या ड्रायव्हरनेही मान खाली घातली.

मालक दुपारपर्यंत विनवण्या करत होता, मग धमक्या द्यायला लागला. वहिनीने तार काढली नाही, कोणाला काढूही दिली नाही. फोनवर फोटो घेतले, बुटक्याला मशीनवर राखणीला बसवलं आणि भावाला म्हणाली, "चल. आधी घरी."

उस्ताद स्वयंपाकघरात बटाटे चिरत होता. त्याने एका फळीला खालून खिळा ठोकला होता. वर आलेल्या टोकात बटाटा रोवायचा आणि डाव्या हाताने सुरी चालवायची. फळी त्याची त्यानेच बनवली होती. दोघांना भरदुपारी दारात बघून तो म्हणाला, "काय बिघडलं?"

"सांग," वहिनी भावाला म्हणाली.

भावाने सांगितलं. उभ्याउभ्या, जमिनीकडे बघत, सगळं. उस्ताद ऐकत होता. सुरी हातात तशीच. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला.

"माझा हात गेल्यावर तू ती पुन्हा लावलीस? ही वर बसलेली असताना?"

"भाऊजी, मला वाटलं..."

उस्तादने सुरी खाली ठेवली आणि डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत दिली. डाव्या हाताची सवय आता चांगली झाली होती. मेहुणा ओट्यावर आदळला, भांडी खाली आली. कोणी ती उचलली नाहीत.

मग उस्ताद बायकोकडे वळला. "आणि तू?"

"मी चुकले. तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

"दोन वर्षं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण तिला वाटलं की आधीची थोबाडीत आपल्याला बसली असती तर बरं झालं असतं. "लोक म्हणाले, मला त्याचं काही नाही. मालक म्हणाला, तो म्हणणारच. पण रात्री मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की मीच सीटवर काहीतरी ठेवून उतरलो असेन. की मला वेड लागलंय. तुझ्यामुळे वाटायला लागलं."

तिने त्याच्या पायात चपला सरकवल्या, एका हाताने बक्कल लावता येत नसे म्हणून ते लावलं, आणि तिघं तपासनिसाच्या कचेरीत गेली.

तिथला कारकून म्हणाला, जुनं प्रकरण बंद झालंय, साहेब दौऱ्यावर आहेत, सोमवारी या. वहिनी म्हणाली, "आम्ही इथेच बसतो. साहेबांना फोन करा, नाहीतर मी शेतातली पाचही मशीनं तुमच्या दारात आणून उभी करते." कारकुनाने तिच्याकडे पाहिलं, तिच्या मागच्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं, आणि फोन उचलला. साहेब तासाभरात आले. दोन वर्षांपूर्वी बसला-उठला तोच माणूस. भावाने सगळं लेखी दिलं. सही करताना त्याने पेन इतकं दाबलं की पहिला कागद फाटला आणि दुसरा घ्यावा लागला. तपासनिसाने तो वाचला आणि बराच वेळ टेबलावरची काच पुसत बसला. "मला यात फसवलं गेलं," असं काहीतरी म्हणाला. उस्ताद म्हणाला, "तुम्हाला फसवलं, पण हात माझा होता."

दुसऱ्या दिवशी तीन मशीनांना सील लागलं. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि उरलेला गहू आडवा झाला. ज्यांचा गहू होता ते लोक वहिनीच्या दारात येऊन बोलले, वाट्टेल ते बोलले. दोन दिवस थांबली असती तर काय बिघडलं असतं, म्हणाले. तिने दार लावून घेतलं नाही. उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "तुमच्यातला कोणी बसला असता का दोन दिवस त्या सीटवर?" त्यातले काही निघून गेले, काही बोलतच राहिले.

दोन महिन्यांनी नवा कागद आला. सुरक्षा व्यवस्था जाणूनबुजून निकामी केलेली होती, चालकाचा दोष सिद्ध होत नाही. मालकावर खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. वहिनी आणि बुटका दुसऱ्या ताफ्यात लागले. भावाला कोणीच कामावर ठेवत नाही. मालकाच्या बाजूचे म्हणतात फितूर, ड्रायव्हर म्हणतात मारेकरी.

उस्तादने तो कागद वाचला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. त्या दिवसापासून तो बायकोशी पुन्हा नीट बोलायला लागला. मध्येच कधी गप्प होतो, तेव्हा ती विचारत नाही. कशाबद्दल ते तिला ठाऊक असतं.

गेल्या महिन्यात मोरी तुंबली तर उस्तादने मेहुण्याला बोलावलं. "अहो, कशाला?" वहिनी म्हणाली. "तुम्ही त्याला माफ केलंत?"

"माफ कसलं. सही त्याने केली. नसती केली तर मी जन्मभर खोटाच राहिलो असतो. तेवढ्यापुरतं येऊ दे."

भाऊ आला, मोरी उपसली. जाताना दारात घुटमळला. "ताई, चहा..."

"तुझ्या भाऊजींना मागायचा तो," ती अंगणातून म्हणाली, आणि तो गल्लीच्या टोकाला दिसेनासा होईपर्यंत घरात आली नाही.