बिनरंगाचा पाय

मामाच्या कारखान्यात कृत्रिम पाय बनत, आणि गिऱ्हाइकांची सगळी मापं मागच्या खोलीतल्या एकाच सर्व्हरमध्ये असत. त्यांची नक्कल दूरच्या एका डेटा सेंटरला सतत जात राही. उद्या सर्व्हर जळाला, तर त्या नकलेवर काम चालू ठेवायचं, अशी व्यवस्था भाचीने लावून दिली होती. पण ऐन वेळी ती चालेल कशावरून? म्हणून मामाच्या मागे लागून लागून तिने एका दिवसाच्या सरावाची परवानगी मिळवली.

"घोळ झाला, तर पुन्हा हे खूळ काढायचं नाही," मामाने बजावलं.

सकाळी तिने सर्व्हर जळाल्याचं जाहीर केलं आणि सगळे संगणक सरावापुरत्या वेगळ्या उभ्या केलेल्या नकलेला जोडले. जुनं उघडून बघा, नवं काही भरू नका, असंही सगळ्यांना सांगितलं. पडद्यावर तसूभर फरक नव्हता. तिची कॉलर ताठ झाली.

संध्याकाळी मामा दारात आला. "विझली का आग, शास्त्रज्ञबाई? आता आवरा पसारा."

आवरायचं म्हणजे ही नक्कल पुसून सगळ्यांना मूळ सर्व्हरवर परत आणायचं. पुसण्याआधी तिने सवयीने दोन्हींची तुलना केली. दोन्ही सारखीच असायला हवी होती, पण नक्कल किंचित मोठी निघाली. खोदून पाहिल्यावर एक स्कॅन सापडलं. एका बाईच्या गुडघ्याखालच्या भागाचं, आजच दुपारी घेतलेलं.

मापं मामी घ्यायची, आणि सकाळी सगळ्यांना सूचना दिली तेव्हा मामी दातांच्या डॉक्टरकडे होती. ती बाई कुबड्या सावरत, गाड्या बदलत लांबून आली होती आणि एव्हाना परतीच्या वाटेला लागली होती. नक्कल पुसली असती, तर तिचा हेलपाटा फुकट गेला असता.

स्कॅन गुपचूप मूळ सर्व्हरवर टाकलं, तर कोणाला कानोकान खबर लागली नसती. सरावावर गंडांतरही आलं नसतं. पण पुढच्या वेळी दुसरं कोणीतरी डॉक्टरकडे गेलेलं असेल, त्याचं काय?

तिने दोघांना बोलावून दाखवलं.

"मला काय स्वप्न पडलं होतं?" मामी म्हणाली. "पडदा तोच, बटणं तीच."

"चूक माझीच आहे, मामी. कोणाला फरक कळू नये, यातच मी खूश होते."

मामा भिंतीपाशी गेला. त्याने तिथे टांगलेला, माप बसतं का ते बघण्यापुरता घालायचा ट्रायलचा पाय काढून टेबलावर ठेवला. पांढरा, खरबरीत.

"याला आम्ही रंग का देत नाही, सांग."

"वेळ वाचावा म्हणून?"

"रंगवला की गिऱ्हाईक तोच घालून घरी निघतं."

"यांनीच एकदा हौसेने रंगवला होता," मामी म्हणाली. "माणूस बसस्टॉपपर्यंत पोचला, आणि हे मागे धावतायत, 'अहो, पाय द्या.'"

मामाने न ऐकल्यासारखं करून पाय पुन्हा भिंतीला लटकवला. "पुढच्या वेळी तुझा तो पडदाही कच्चाच ठेव. लांबून कळला पाहिजे."

'पुढच्या वेळी' हे शब्द भाचीने नीट ऐकले, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तिने स्कॅन मूळ सर्व्हरवर आणलं आणि मामीकडे खुर्ची सरकवली.

मामीने चष्मा लावून ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. "हिचंच आहे," ती म्हणाली.

मग भाचीने नक्कल पुसली.