फियाटला डिस्क ब्रेक

थेरगावच्या यशवंतरावांची फियाट डांगे चौकाकडे उतरताना टोमॅटोच्या हातगाडीला जाऊन धडकली, तेव्हा तिचा वेग माणसाच्या चालण्याएवढाच होता. कुणाला लागलं नाही. हातगाडीवाला वेळेत बाजूला झाला. क्रेट रस्त्यावर उपडे झाले आणि मागच्या सीटवर आडव्या झालेल्या रंभाबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "आता काय झालं?"

यशवंतरावांनी ब्रेक दाबला होता. दाबूनच धरला होता. पण चारही चाकांचे ड्रम ब्रेक गाडीइतकेच जुने होते. उतारावर दाबले की गाडी उजवीकडे ओढ घ्यायची आणि थांबायचं की नाही ते आपल्या मनाने ठरवायची.

त्या संध्याकाळी सून पूनमने किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. आवाज चढवला नाही.

"अप्पा, ब्रेक नीट झाले की किल्ली तुमची. तोवर माझ्याकडे राहू दे."

"अगं, रिक्षावाले काय फार शहाणे हायेत व्हय?"

"नसतील. पण तुमच्या मागे आई झोपलेल्या असतात."



रंभाबाईंना मंगळवारी आणि शुक्रवारी पिंपरीच्या हॉस्पिटलात डायलिसिसला न्यावं लागे. जाताना त्या बसून जात. येताना बसवत नसे. रिक्षात प्रत्येक गतिरोधकाला पोटात ढवळे, आणि घरी पोचेपर्यंत त्या पिशवीत तोंड घालून असत. फियाटच्या मागच्या लांब सीटवर पाय पोटाशी घेऊन त्या झोपून येत, आणि यशवंतराव खड्डा दिसला की गाडी जवळजवळ थांबवून पलीकडे नेत. मागून हॉर्न वाजत, शिव्या येत. त्यांना ऐकू येत नसल्यासारखं ते समोर बघत. गोळ्या सून द्यायची, पथ्याचं तीच बघायची, कागदपत्रांना मुलगा जायचा. बायकोसाठी स्वतःच्या हाताने करण्यासारखं यशवंतरावांकडे हे एवढंच उरलं होतं.

त्यांचा मुलगा शेखर चाकणच्या एका कंपनीत ब्रेकच्या असेंब्ली लाईनवर होता. नोकरीची सगळी वर्षं त्याच लाईनवर गेली होती. त्यामुळे पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे असं ठरलं, तेव्हा ते कोण बसवणार हा प्रश्न घरात निघालाच नाही.

"पोरगा ब्रेकच बनवितो," यशवंतराव येईल त्याला सांगत. "परक्याच्या हाती कशाला द्यायाची गाडी?"

शेखरला गुरुवारची सुट्टी. एक गुरुवार भंगार बाजारात आणि सुट्या भागांच्या दुकानांत गेला. एका छोट्या गाडीच्या डिस्क आणि कॅलिपर मिळाले. फियाटच्या चाकामागे ते बसावेत म्हणून भोसरीच्या लेथवाल्याकडून जाड पट्ट्या कापून घेतल्या. ब्रेकचा पंपही नवा घेतला, कारण ड्रमचा जुना पंप डिस्कला चालत नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी त्याने गाडी घराजवळच्या भैरूच्या गॅरेजात नेली. किल्लीसोबत पूनमही आली. गाडी उभी राहताच तिने किल्ली परत घेतली आणि ऑफिसला गेली.

भैरू लातूरकडचा. टेम्पोंची कामं करायचा. फियाटकडे त्याने लांबूनच पाहिलं.

"शेखरभाऊ, मदत लागंल का?"

"नको रे. रोज तेच करतो मी."

"ते खरंय म्हणा. कंपनीचा माणूस तुम्ही. तुम्हाला आम्ही काय सांगावं?" असं म्हणून तो एका टेम्पोखाली सरपटत गेला.

शेखरने जुने ड्रम काढले. त्यातून मूठ-मूठ काळी भुकटी पडली. पट्ट्या बसल्या, डिस्क बसली. कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा भाग, त्याने हातात घेतला आणि जसा रोज डोळ्यांसमोर असतो तसा धरून बोल्ट आवळले. दुपारपर्यंत दोन्ही चाकं झाली. यशवंतराव स्टुलावर बसून बघत होते. मध्येच भैरूला सांगत होते, "बघ, हात कसा चालतोय. मोजमाप बी लागत न्हाई."

मग हवा काढायचं काम आलं. नव्या नळ्यांत हवा असते. ती राहिली तर पेडल मऊ लागतं आणि ब्रेक धरत नाही. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने कॅलिपरचं निपल, म्हणजे हवा सोडायची छोटी तोटी, सैल करायचं, हवा आणि ऑइल बाहेर येऊ द्यायचं, निपल आवळायचं, मग पेडल सोडायचं. यशवंतराव ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

"दाबा. धरा. धरा... सोडा."

"सोडला."

"दाबा."

पेडल जमिनीला टेकत होतं. ऑइल येत होतं, पण पेडल काही वर येत नव्हतं. शेखर एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जात राहिला. ऑइलची बाटली संपली, दुसरी आणली. यशवंतरावांनी मध्येच डावा पाय पेडलवर घेतला, कारण उजव्या गुडघ्यातून कळ येत होती. ते त्यांनी सांगितलं नाही. शेखर चाकाशी पडलेला असल्याने त्याला ते दिसलंही नाही.

ऊन उतरलं तेव्हा भैरू हात पुसत जवळ आला.

"ब्रेक बसवायलात का अप्पांकडून व्यायाम करून घ्यायलात?"

"पंप खराब निघालाय बहुतेक," शेखर म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. आठवडाभर पहिली शिफ्ट, त्याआधीच्या आठवड्यात तिसरी. सुट्टीच्या दिवशी निदान दुपारी आडवं व्हावं एवढीच त्याची इच्छा असे.

"नवा पंप खराब?"

"निघतात कधीकधी."

यशवंतराव गाडीतून उतरताना दाराला धरून जरा वेळ उभे राहिले. "उद्या शुक्रवार हाय," ते म्हणाले.

शुक्रवारी उजाडायच्या आत शेखर कंपनीच्या बसमध्ये बसला आणि खिडकीला डोकं टेकून झोपला. यशवंतराव रंभाबाईंना रिक्षाने पिंपरीला घेऊन गेले.

लाईन सुरू झाली. शेखरसमोर कॅलिपर येत होता, तो पिस्टन बसवत होता, पुढे सोडत होता. डोळे उघडे होते इतकंच. मग एक कॅलिपर समोर आला आणि त्याने पुढे सोडलाच नाही. मागचे दोन येऊन त्याला टेकले. लाईन अडल्याचा दिवा लागला. लाईनचा सुपरवायझर गणराज लगबगीने आला.

"काय झालं भावा? पार्ट रिजेक्ट आहे का?"

"नाही."

"मग सोड ना पुढे. टार्गेट बोंबलेल."

शेखर साच्यात अडकवलेल्या कॅलिपरकडे बघत होता. निपल खाली होतं. पिस्टन वरून दाबायला सोपं जावं म्हणून या लाईनवर कॅलिपर उलटा पकडतात. आजवर त्याच्या हाताखालून गेलेला प्रत्येक कॅलिपर उलटा होता, त्यामुळे त्याच्या डोळ्यांना तोच सुलटा वाटत होता. काल गाडीला बसवतानाही त्याने निपल खाली येईल असाच धरला होता. तसा तो बसावा म्हणून डाव्या चाकाचा उजव्या चाकाला गेला आणि उजव्याचा डाव्याला. हवा वर राहते. निपल खाली असेल तर खालून नुसतं ऑइलच येणार. रात्रंदिवस पेडल मारलं असतं तरी हवा निघाली नसती.

"गणराज," तो म्हणाला, "आपल्यापैकी कुणी कधी गाडीला ब्रेक बसवलाय का रे?"

"आपलं काम बनवायचं. बसवणारे वेगळे असतात." गणराजने त्याच्याकडे नीट पाहिलं. "चहा पाहिजे का तुला? सोड तो पार्ट आधी."

शेखरने पार्ट सोडला.

शिफ्ट सुटल्यावर, तीनच्या पुढे, तो थेट गॅरेजवर उतरला. यशवंतराव तिथेच बसले होते.

"आई?"

"झोपलीय. रिक्षात दोनदा उलटी झाली. घरी आल्यावर एकदा." ते हातातल्या टोपीकडे बघत होते. "पंप बदलायचा का?"

"पंप ठीक आहे. मीच चुकलो. डाव्याचा उजव्याला बसवला."

भैरू टेम्पोखालून तोंड बाहेर काढून हसला. "काय राव! कंपनीवाल्यांनी असं करावं? आम्ही केलं असतं तर गिऱ्हाइकानं मारलं असतं."

"तू बघायचं होतंस ना."

"तुमच्यात मी काय बघू? म्हणलं, मोठ्या कंपनीत असाच बसवत असतील."

कॅलिपर काढून बाजू बदलायला फार वेळ लागला नाही. निपल वर आलं. या वेळी पेडलवर भैरू बसला. हवा बुडबुड करत निघाली आणि पेडल वर येऊन दगडासारखं घट्ट झालं.

पूनम ऑफिसवरून परस्पर तिथे आली. नव्या टॉवरांच्या मागे एक रुंद रस्ता होता. लोक अजून राहायला आले नव्हते, त्यामुळे तो रिकामा असे. तिथे आधी शेखरने गाडी चालवली. विटेने ओढलेल्या रेघेशी ब्रेक मारला. गाडी कुठेही न ओढता सरळ, नाक खाली घालून, रेघेच्या आत थांबली.

"बघा," शेखर पूनमला म्हणाला. तिने किल्लीकडे बघून होकारार्थी मान हलवली.

मग यशवंतराव बसले. तोच वेग, तीच रेघ. गाडी रेघ ओलांडून चांगली पुढे गेली.

"परत एकदा," ते म्हणाले.

परत पुढे गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, सीटला पाठ रेटून ब्रेक दाबला. थोडी कमी गेली, पण रेघ मागेच राहिली.

शेखर खिडकीशी आला. "सवय होईल अप्पा. नवीन पेडल आहे, जरा जड लागतं."

"ते जड न्हाई, लई जड हाय."

भैरूने समजावलं. ड्रम ब्रेक एकदा टेकला की चाकाच्या फिरण्याने स्वतःच आवळत जातो, पायाला कमी जोर लागतो. डिस्कला तसं नाही. जितका जोर पायाने द्याल तितकीच ती धरणार. नव्या गाड्यांत म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर असतो. "तोही बसवता येतंय अप्पा. जागा करावी लागंल, पत्रा कापावा लागंल. दोन-चार गुरुवार जातील."

यशवंतराव गाडीतून उतरले नाहीत. उजवा गुडघा हाताने दाबत बसले.

"मंगळवार त्याच्या आधी येतोय," ते म्हणाले.

"तोवर हळू चालवा," शेखर म्हणाला. त्याला घरी जायचं होतं. ते त्याच्या आवाजात उघड ऐकू येत होतं. "तुम्ही तसेही हळूच चालवता. थांबली की शेवटी."

"कुठं थांबली ते बघितलंस का?"

पूनम रेघेपाशी उभी होती. तिने गाडी आणि रेघ यांच्यातलं अंतर पाहिलं होतं. पण ब्रेक नीट झाले की किल्ली तुमची, असं तीच म्हणाली होती, आणि ब्रेक नीट झाले होते.

यशवंतरावांनी किल्ली काढली आणि खिडकीतून तिच्यापुढे धरली.

"तुझ्याकडं लायसन हाय ना?"

"आहे, अप्पा. पण क्लासनंतर चालवलीय कुठे? आणि हा गिअर स्टिअरिंगपाशी. मला नाही जमणार."

"पेडलं तू दाब. गिअर मी टाकतो शेजारी बसून. तुझा पाय तरणा हाय."

"असं कुठे असतं का!"

"मंगळवारपुरतं असू दे. मग शिकशील."

पूनमने शेखरकडे पाहिलं. तो टपाला टेकून उभा होता. डोळे मिटलेले होते. तिने किल्ली घेतली आणि त्याच रिकाम्या रस्त्यावर अंधार पडेपर्यंत सासऱ्याच्या आवाजावर क्लच दाबत-सोडत राहिली. शनिवारी, रविवारी आणि सोमवारीही दोघं तिथे गेली.

मंगळवारी तिने ऑफिसातून अर्धी रजा घेतली. जाताना गाडी चार ठिकाणी बंद पडली. येताना रंभाबाई मागे पाय पोटाशी घेऊन झोपल्या होत्या. पुढे यशवंतराव डावीकडे बसून, हात लांब करून गिअरच्या दांड्यावर ठेवून होते.

"क्लच."

"दाबला."

"टाकला दुसरा. सोड. हळू, हळू. खड्डा हाय."

"दिसतोय, अप्पा."

"दिसला म्हंजे झालं न्हाई. त्याला इचारून पलीकडं जायाचं."

"अहो, तिला चालवू द्या की," रंभाबाई मागून म्हणाल्या. आवाज बारीक होता. "दोघांत मिळून एक डायवर झालाय, त्यातबी भांडता."

डांगे चौकाकडे उतार लागला. टोमॅटोची हातगाडी नेहमीच्या जागी होती. हातगाडीवाल्याने गाडी लांबूनच ओळखली आणि क्रेट घाईघाईने मागे ओढायला घेतले. पुढे बस थांबली. पूनमने ब्रेक दाबला. त्याच वेळी यशवंतरावांचा उजवा पाय समोरच्या चटईवर जोराने दाबला गेला. तिथे काहीच नव्हतं. गुडघ्यातून कळ आली आणि त्यांनी पाय तसाच राहू दिला.

गाडी हातगाडीच्या खूप अलीकडे सरळ उभी राहिली.

"आता काय झालं?" रंभाबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"काय न्हाई," यशवंतराव म्हणाले. "थांबली."